श्रद्धा गेली, पाठशाळा राहिली
(ईट, ता. भूम, जि. धाराशिव इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा इथल्याच एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं, "काहो, ईटसारख्या गावात येऊन नास्तिकपणावर कशाला बोलता? इथं सप्ताह बसतात, दिंड्या निघतात." आम्ही म्हटलं, म्हणूनच. ज्या गावातनं आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार-चार वर्षं शिकायला पोरं जातात, ज्या तालुक्यात कुंथलगिरीसारखं क्षेत्र आहे, तिथं हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. धर्म शिकवणाऱ्या ठिकाणी माणूस नोकरी करतो, रोज तेच शिकवतो, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात येतं की आपल्याला हे आता खरं वाटत नाही. मग त्यानं करायचं काय? सोडायचं? गप्प बसायचं? की आणखी काही?

या प्रश्नाचा मराठीतला सगळ्यात मोठा दाखला म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांचं 'हिंदुधर्माची समीक्षा' हे पुस्तक आज आपण तपासणार आहोत. पुस्तक तपासायचं म्हणजे माणूसही तपासावा लागणार, त्याला इलाज नाही.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत असेल. जन्म 1901 चा, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. पोरवयात वाईला आले, ते प्राज्ञ पाठशाळेत. गुरू नारायणशास्त्री मराठे, पुढं संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले ते. याच गुरूंकडे विनोबा साबरमतीहून रजा घेऊन शिकायला आले होते. लक्ष्मणशास्त्री कलकत्त्याला जाऊन तर्कतीर्थ झाले, परत वाईलाच आले, शिकवू लागले. कायदेभंगात तुरुंगात गेले. गांधीजी येरवड्यात असताना अस्पृश्यतेच्या वादात शास्त्राधार काढून द्यायला त्यांच्याकडे गेले. 1933 च्या जूनमध्ये पुण्यात पर्णकुटीत देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न यांनीच लावलं. वर वैश्य, वधू ब्राह्मण, म्हणजे जुन्या शास्त्राप्रमाणे प्रतिलोम. नंतर मानवेंद्रनाथ रॉय भेटले, आणि शास्त्रीबुवा जडवादी झाले. नागपूर विद्यापीठात 1940 च्या सुमारास त्यांनी दिलेली व्याख्यानं म्हणजे 'हिंदुधर्माची समीक्षा'. त्याच सुमाराला 'जडवाद' नावाचं पुस्तकही आलं. पुढं 'वैदिक संस्कृतीचा विकास', 1954 च्या दिल्लीच्या साहित्यसंमेलनाचं अध्यक्षपद, साहित्य अकादमीचा पुरस्कार, मराठी विश्वकोश. 1994 साली गेले. आणि या सगळ्या काळात त्यांचं गाव वाई आणि संस्था प्राज्ञ पाठशाळा. ती सुटली नाही.

लोक हे चरित्र सांगतात तेव्हा एक सरळ रेघ मारतात. आधी शास्त्री होते, मग रॉय भेटले, मग नास्तिक झाले. म्हणजे नास्तिकपणा बाहेरनं आला, मुंबईहून एसटीनं यावा तसा. आमचं म्हणणं असं की ही रेघ चुकीची आहे. रॉय यांनी त्यांना भाषा दिली, राजकारण दिलं, मार्क्स दिला. पण श्रद्धा पोखरायचं काम त्याच्या कितीतरी आधी पाठशाळेतच सुरू झालेलं असणार, आणि तेही अभ्यासक्रमाप्रमाणे.

हे जरा सावकाश बघू, कारण सगळी गोम इथंच आहे.

पाठशाळेत काय शिकवत? न्याय शिकवत, मीमांसा शिकवत, वेदान्त शिकवत. न्यायशास्त्रात उदयनाचार्य ईश्वर सिद्ध करतात, अनुमानानं. मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे म्हणजे कर्ता आहे, अशा धर्तीवर. विद्यार्थी ते पाठ करतो. मग तोच विद्यार्थी मीमांसेच्या वर्गात जाऊन बसतो. तिथं कुमारिलभट्ट, सातव्या शतकाच्या आसपासचे, कडवे वैदिक, बौद्धांचे हाडवैरी, ते काय म्हणतात? जग निर्माण करणारा प्रजापती म्हणता, तर त्याला आधी शरीर होतं का? नसेल तर इच्छा कुठनं झाली? असेल तर ते कुणी निर्माण केलं? दयेपोटी जग केलं म्हणता, तर जग नसताना दया कुणावर केली? आणि दयाळूनं केलेल्या जगात इतकं दुःख कसं? मंडळी, हे प्रश्न कुठल्या विज्ञानवादी पुस्तिकेतले नाहीत. शिखा-सूत्र सांभाळणाऱ्या, यज्ञाचा कैवार घेणाऱ्या माणसाचे आहेत.

त्याहून पुढं शबरस्वामी. यज्ञातली देवता म्हणजे काय, या प्रश्नावर त्यांच्या भाष्यात मोठा विचार आहे. निष्कर्ष असा की देवतेला शरीर नाही, ती आहुती खात नाही, खाऊन प्रसन्न होत नाही, प्रसन्न होऊन फळ देत नाही. इंद्राला द्यायचं म्हणजे 'इंद्राय' हा शब्द उच्चारून द्यायचं. फळ कर्मातनं येतं. देवता कर्माचं अंग, कर्माहून खालची. आता सांगा, असं शिकलेल्या मुलाची देवावरची श्रद्धा घालवायला रॉय कशाला पाहिजेत?

पुढच्या मीमांसकांना हे सोसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सतराव्या शतकातल्या आपदेवानं आपल्या ग्रंथाच्या शेवटी कर्म गोविंदाला अर्पण करायची सोय करून ठेवली. या देवघराण्याचं नातं परंपरा पैठणच्या एकनाथांशी जोडते, म्हणजे आपल्याच मराठवाड्याशी. भागवत धर्माच्या मातीत निरीश्वर मीमांसा तशीच्या तशी रुजली नाही, तिला देव परत आणावाच लागला, असं आम्हाला वाटतं.

तर मुद्दा असा. ज्याला आपण आज मराठीत नास्तिक म्हणतो, म्हणजे देव न मानणारा, तो पाठशाळेच्या हिशेबानं नास्तिक नव्हेच. तिथं नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. देव गेला तरी चालतं, वेदाचं प्रामाण्य गेलं की चालत नाही. म्हणून तर्कतीर्थांची श्रद्धा गेली असं म्हणताना कोणती श्रद्धा, हे विचारावं लागतं. देवावरची श्रद्धा जाणं ही त्या शाळेत परीक्षेला येणारी गोष्ट होती. वेदावरची श्रद्धा जाणं ही शाळा मोडणारी गोष्ट होती.

आता पुस्तकाकडे येतो. 'समीक्षा' वाचताना आम्हाला तिच्यात दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज समाजशास्त्राचा. धर्म उगवला कसा, आदिम माणसाच्या भीतीतनं, जादूतनं, टोळीच्या गरजेतनं, वगैरे. हा भाग त्या काळी नवा होता, धाडसाचाही होता, पण आज वाचताना उसना वाटतो. युरोपातल्या पंडितांनी दूरच्या बेटांवरच्या लोकांबद्दल बांधलेले अंदाज इथं आपल्याला लावलेले दिसतात. तसले अंदाज त्या विद्येनंच पुढं बरेचसे बाजूला ठेवले. तर्कतीर्थांसारख्या खंडनकुशल माणसानं त्या अंदाजांना जी सूट दिली ती त्यांनी उदयनाचार्यांना कधी दिली नसती.

दुसरा आवाज मात्र अस्सल. धर्म खरा कशावरून, असं विचारून ते प्रामाण्याचा प्रश्न हातात घेतात. वेद अपौरुषेय म्हणून खरा, हे उत्तर. ऋषींना साक्षात्कार झाला म्हणून खरा, हे दुसरं उत्तर. समाजाला टिकवतो म्हणून खरा, हे अलीकडचं, टोपी-कोटवाल्या सुशिक्षितांचं उत्तर. शेवटचं उत्तर त्यांना सगळ्यात लटकं का वाटत असावं, हे आम्हाला पुरेपूर पटतं. जुना मीमांसक निदान म्हणतो की हे खरं आहे म्हणून करा. नवा सुशिक्षित म्हणतो की खरं असो नसो, उपयोगी आहे म्हणून करा. शास्त्र शिकलेल्या माणसाला याचा राग येणारच. पाठशाळेत पूर्वपक्ष शिकवतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नेटकं मांडायला शिकवतात. चार्वाकाचं मत आपल्याला कळतं तेही बरंचसं माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिल्याच प्रकरणात मांडून ठेवलं म्हणून. तर्कतीर्थांनी फक्त एक केलं, पूर्वपक्ष मांडून थांबले. पुढं सिद्धान्त लिहायचा असतो तो लिहिला नाही.

इथं बाहेरचा एक दाखला घेऊ. फ्रान्समध्ये अर्नेस्ट रेनाँ नावाचा तरुण पॅरिसच्या सेमिनरीत पाद्री व्हायला शिकत होता. हिब्रू शिकला, बायबल मूळ भाषेत वाचायला लागला, आणि कुठला भाग कधी लिहिला गेला हे ध्यानात येताच विश्वास उडाला. 1845 साली त्यानं सेमिनरी सोडली. म्हणजे त्याचीही श्रद्धा घरच्याच विद्येनं गेली. पण तो बाहेर पडला, आणि त्याला पडावंच लागलं, कारण त्या धर्मात 'मी मानतो' असं म्हणून आत राहायचं असतं. मानत नाही म्हटलं की दार बंद. आपल्याकडे पाठशाळेनं असं वचन कधी घेतलं नाही. तिथं संध्या केली का, सोवळं पाळलं का, हे विचारतील. मनात काय आहे हे कुणी विचारत नाही. म्हणून तर्कतीर्थांना राहता आलं.

आणि राहून त्यांनी काय केलं? धर्मकोश केला. 1937 पासून त्याचे खंड निघू लागले. ही गोष्ट लोक चरित्रात 'विद्वत्कार्य' म्हणून एका ओळीत उरकतात, आम्हाला ती 'समीक्षे'पेक्षाही मोठी वाटते. कारण ऐका.

जुना धर्मशास्त्री दोन वचनं एकमेकांविरुद्ध दिसली की काय करतो? एकवाक्यता करतो. हे वचन अमक्या युगासाठी, ते तमक्या वर्णासाठी, हे आपद्धर्म, तो विकल्प. शेवटी सगळी वचनं एकाच काळात, एकाच तोंडातनं आल्यासारखी एका ओळीत बसवतो. धर्म बदलला असं त्याला म्हणताच येत नाही. धर्मकोशात काय केलं आहे? विषय घ्यायचा, समजा वारसा, समजा ऋण, आणि त्या विषयावरची वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंतची वचनं काळाच्या क्रमानं खाली मांडायची. टीका नाही, शेरा नाही. संस्कृतात सगळं. कुठल्याही सनातन्यानं कपाटात आदरानं ठेवावं असं पुस्तक. पण वरनं खाली वाचत गेलात की दिसतं, आधी हे होतं, मग ते झालं, मग तिसरंच आलं. अपौरुषेय आणि सनातन म्हणून जे सांगितलं ते माणसांनी वेळोवेळी घडवलेलं आहे, हे तिथं एक शब्द न लिहिता दिसतं. रेनाँची श्रद्धा ज्या क्रमानं गेली तो क्रम या माणसानं पाठशाळेत बसून, पाठशाळेच्याच नावानं, शास्त्र्यांच्याच भाषेत छापून काढला. पुण्या-मुंबईत महामहोपाध्याय काणे इंग्रजीत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते, तो इतिहास म्हणूनच लिहीत होते. इथं कोशाच्या रचनेतच इतिहास घातला.

म्हणून 'राहिले म्हणजे ढोंगी' असं जे सोपं म्हणणं आहे ते आम्हाला मान्य नाही. गेले असते तर धर्मकोश झाला नसता.

पण मग सोमनाथ येतं. 11 मे 1951. सोमनाथाच्या नव्या मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद हजर, पंडित नेहरूंना ते जाणं पसंत नव्हतं हे सगळ्यांना माहीत. आणि पौरोहित्य कुणाचं? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. 'जडवाद' लिहून दहा वर्षं झाली होती.

याचं समर्थन करणारे म्हणतात, तो राष्ट्राचा सोहळा होता, संस्कृतीचा होता, त्यात श्रद्धेचा काय संबंध. मीमांसेतनंही समर्थन निघतं. ऋत्विज दक्षिणा घेऊन कर्म करतो, फळ यजमानाला मिळतं, विधी बिनचूक झाला की झालं, ऋत्विजाच्या मनात काय याची विचारपूस कुणी करत नाही. पटण्यासारखं आहे. आम्हालाही पुष्कळ दिवस पटत होतं. पण नीट बघा, हा आधार तर्कतीर्थांना घेता येत नाही. विधीत सामर्थ्य आहे ते वेद प्रमाण आहे म्हणून, आणि ते प्रमाण तर त्यांनी स्वतः नागपूरच्या व्याख्यानांत काढून घेतलं. उरलं काय? सुशिक्षितांचं ते तिसरं उत्तर, की खरं नसेना का, समाजाला उपयोगी आहे. ज्या उत्तराला 'समीक्षे'त जागा उरत नाही त्याच उत्तराच्या आधारानं सोमनाथला उभं राहावं लागतं. शबरस्वामींचा विद्यार्थी पाषाणात प्राण घालायला उभा आहे, हे चित्र आमच्यानं नजरेआड करवत नाही.

आम्ही त्यांना लबाड म्हणत नाही. आमची तक्रार पुस्तकाबद्दल आहे. 'समीक्षे'त धर्माच्या उगमापासून जातिव्यवस्थेपर्यंत सगळं येतं, एक माणूस येत नाही, तो म्हणजे समीक्षा करणारा. तो सकाळी कुठं बसतो, कुणाला काय शिकवतो, गुरूंना काय सांगतो, लग्न लावताना मंत्र म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, यातलं काहीही पुस्तक वाचून कळत नाही. केवलानंदांसारखे गुरू डोळ्यांसमोर संन्यासी होऊन बसलेले, सात खंडांचा मीमांसाकोश करणारे, आणि शिष्य वेदाचं प्रामाण्य मोडतो आहे. त्या दोघांत काय झालं असेल? आम्हाला त्या प्रकरणासाठी समाजशास्त्राचे पन्नास पानं देऊन टाकायला आवडलं असतं. आगरकरांकडे बघा, त्यांचं सगळं उघड. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांनी बघितली. पण आगरकर शिकवत होते ते फर्ग्युसनमध्ये, त्यांना रोज वेदपाठ ऐकावा लागत नव्हता.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आत राहून आतनं बदल करायचा, हे म्हणायला आधी आत असावं लागतं. पाठशाळा नावाच्या व्यवस्थेचं दार शेकडो वर्षं कुणाला बंद होतं, हे ईटमध्ये आम्ही सांगायची गरज नाही. बाबासाहेब 1935 साली येवल्यात म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि 1956 साली त्यांनी ते खरं केलं. त्यांना 'आत राहून कोश करा' असं कोण सांगणार होतं? तर्कतीर्थांच्या अविश्वासाला पाठशाळेनं घर दिलं, पुढं राज्यानं विश्वकोश दिला, पद्म पुरस्कार दिले. जोतीरावांच्या अविश्वासाला काय मिळालं ते बघा. आणि हे गाव तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या आमच्या आजोबांच्या पिढीला शाळेत उर्दू होती, संस्कृत पाठशाळा हा शब्दच दूरचा. तर्कतीर्थ अस्पृश्यतेविरुद्ध लढले, प्रतिलोम लग्नं लावली, हे सगळं खरं. तरीही त्यांच्या राहण्याला एक सवलत होती, आणि 'समीक्षे'त जातिव्यवस्थेवरची इतकी कडक पानं असताना त्या सवलतीचा उल्लेख नसावा हे खटकतं.

आता थोडं आमचं. आम्ही तरुणपणी सहा वर्षं एका धार्मिक संस्थेत शिकवलं. नाव घेत नाही, माणसं चांगली होती. संस्कृत शिकवायचं आणि पहाटे मुलांबरोबर प्रार्थनेला उभं राहायचं. तिसऱ्या वर्षी आम्हाला कळलं की आपण फक्त ओठ हलवतो आहोत. भाषा शिकवताना त्रास नव्हता, त्रास त्या वीस मिनिटांचा होता. पगाराची गरज होती, घरी बहिणीचं लग्न होतं. एक लहान मुलगा आमच्या शेजारी उभा राहायचा आणि डोळे मिटून इतक्या मनापासून म्हणायचा की आम्हाला त्याच्याकडे बघवायचं नाही. एकदा त्यानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही डोळे का मिटत नाही?" आम्ही सांगितलं, मुलांवर लक्ष ठेवावं लागतं. ते खोटं होतं. याच दिवसांत 'समीक्षा' पहिल्यांदा वाचली, आणि जे शोधत होतो ते तिच्यात नव्हतं. म्हणून तक्रारीचा सूर जरा जास्त लागला असेल, तर तेवढा वजा करून घ्या.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक इथे देत आहोत. प्रश्न एका तरुण कीर्तनकारांचा होता.)

प्रश्न : सर, मी आळंदीला शिकलो. सप्ताहात कीर्तन करतो, त्यावरच घर चालतं. देवाबद्दल आता मला तुमच्या मीमांसकांसारखंच वाटतं. पण कीर्तनात हुंडा, दारू, शेतकऱ्याच्या आत्महत्या यावर बोलतो, आणि लोक ऐकतात ते मी कीर्तनकार आहे म्हणून. सोडलं तर कोण ऐकणार? मी सोमनाथवाला की धर्मकोशवाला?

उत्तर : महाराज, हे तुम्ही फार नेमकं विचारलंत. हुंड्यावर बोलता तेव्हा धर्मकोशवाले. पण शेवटी कुणी बाई पाया पडून विचारत असेल की माझ्या पोराच्या आजाराला देव धावेल ना, तर त्या वेळी तुम्ही काय सांगता?

प्रश्नकर्ते : धावेल म्हणतो.

उत्तर : आणि दवाखान्यात न्या, असंही म्हणता?

प्रश्नकर्ते : ते आधी म्हणतो.